भिंतीवरची लाल ओठवाली

सोमवारी सकाळी हॉलिनशॉ गावातल्या कापडगिरणीच्या फाटकाशेजारी एक बाई चिकटवलेली दिसली, आणि हॅना टॅटरसॉलचं डोकं जे फिरलं ते आठवडाभर ठिकाणावर आलं नाही.

बाई कागदाची. दोन माणसांएवढी उंच. खाकी टोपी एका कानावर कललेली, टोपीखाली सोनेरी बटा, नजर आभाळाकडे, मागे विमानं पाडायची तोफ, आणि ओठ असे लालभडक, की आत्ताच कुणाला तरी चावून आलीय. खाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘ती सज्ज आहे. आणि तू?’

“मी? मी पहाटे पाचपासून सज्ज आहे,” हॅना फाटकातच थांबून म्हणाली. “चूल पेटवून, राख काढून, उंबरा घासून आलेय. हिची आंघोळ तरी झालीय का विचारा.”

मागून येणाऱ्या बायका खिदळल्या. सेलिना क्लेग, हॅनाची शेजारीण आणि मागावरची जोडीदारीण, तिला ढोसत म्हणाली, “अगं चल, फाटक बंद करतील. काय गं तिच्यावर उखडतेस? कागदच तो.”

“कागद आहे म्हणूनच बरं. हाडामासाची असती तर आपल्या खात्यात आणली असती. धोट्याला तोंड लावायला सांगितलं असतं. पहिल्या तासात सगळं कापड लाल!”

यावर मात्र सगळ्याच हसल्या, कारण धोट्याला तोंड प्रत्येकीला लावावं लागायचं. आडवा दोरा मागातून इकडून तिकडे नेणाऱ्या या धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक त्याच्या भोकाशी धरायचं, ओठ टेकवायचे आणि श्वास आत ओढायचा, की दोरा बाहेर. दिवसभर हेच. निम्म्या बायकांचे पुढचे दात त्यात किडून गेले होते. हॉलिनशॉमध्ये लाल ओठ कुणाला परवडत नव्हते आणि शोभतही नव्हते.

लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं. गावातले धडधाकट पुरुष कुठे वाळवंटात, कुठे समुद्रावर. आता सरकारला बायका हव्या होत्या. हव्या तर हव्या, सरळ मागाव्यात की! पण नाही. लंडनमध्ये कुणीतरी मऊ हातांचा माणूस बसला, त्यानं विचार केला, या गिरणीवाल्या बायकांना काय कळतंय, यांना चित्र दाखवा. लहान पोराला खुळखुळा दाखवतात तसं. फाटकावर तीच बाई, बटाटे तळणाऱ्याच्या दुकानावर तीच, चर्चच्या कुंपणावर तीच. सार्वजनिक संडासाच्या दारावरसुद्धा तीच, तिथेही आभाळाकडे बघत. “तिथे मात्र बरोबर बघतेय,” हॅना म्हणाली होती, “नाक वर धरायलाच पाहिजे.”

विणाईच्या साचेखात्यात माग चालू झाले. तिथे एकदा पट्टे फिरायला लागले की देवानं कानाशी येऊन हाक मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं उघडायचं, प्रत्येक शब्द ओठांवर घडवायचा, जोडीला भुवया आणि हात. पन्नास पावलांवरची बाई आरामात वाचायची. पोरी आयांच्या मांडीवरच ही ओठबोली शिकत. मग ती कारखान्यापुरती राहत नसे. ट्राममधून फुटपाथवरच्या बाईशी, चर्चमध्ये पाद्री बोलत असताना पलीकडच्या बाकाशी, कुणाच्या मयताला खड्ड्याच्या या काठावरून त्या काठाशी, बायका निवांत गप्पा मारत. परक्याला वाटायचं, या गावच्या बायका सारखं काहीतरी चघळतात.

हॅनाचे ओठ तर सबंध खात्यात नामांकित होते. तिच्याइतकं चरचरीत कुणी बोलत नसे. आणि सगळ्यांत चरचरीत ती बोलायची आपल्याच पोरीबद्दल.

पोरगी आयव्ही. एकोणिसावं सरून विसावं लागायला आलेलं. चार माग सोडून पलीकडे उभी असायची. उंच, हडकुळी, लांब जबड्याची. हा जबडा तिच्या बापाचा, आमोसचा. आमोस कापसाची धूळ छातीत भरून गेला, त्याला सहा वर्षं होऊन गेली. नवऱ्याच्या तोंडावर तो जबडा हॅनाला भारी आवडायचा. पोरीच्या तोंडावर दिसला की तिला आमोस आठवायचा, आणि आमोस आठवला की तिच्या ओठांवर टोमणा यायचा. त्याला इलाज नव्हता.

“आमची बघत होती सकाळी त्या कागदाकडे,” तिनं मागांवरून सेलिनाला ओठांनी सांगितलं. “डोळे फाडून.”

“बघू दे की,” सेलिनाचे ओठ म्हणाले. “वय आहे.”

“वय आहे, पण तोंड कुठंय? त्या बाईच्या शेजारी हिला उभी केली तर लोक विचारतील, बाईनं घोडा पण आणलाय का?”

सेलिनानं डोळ्यांनीच पलीकडे खूण केली, अगं, बघतेय ती. आयव्ही बघत होतीच. ती नेहमीच बघायची. आईचे ओठ वाचता येणार नाहीत इतकी काही ती लांब नव्हती, आणि हॅनाला ते पक्कं ठाऊक होतं. वाचू दे की. वाचून तरी शहाणी होईल. आयव्हीनं तुटलेला दोरा जोडला, मान खाली घातली आणि माग चालू केला.

त्या संध्याकाळी जेवताना आयव्हीनं विषय काढला. ताटात उकडलेले बटाटे आणि कांदा घालून शिजवलेली बैलाची आतडी होती. लोण्याचा रिकामा डबा नुसता शोभेला टेबलावर होता.

“आई, शुक्रवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये सभा आहे. बायकांच्या पलटणीची. मी जाणारेय.”

“ऐकायला?”

“नाव द्यायला.”

हॅनानं काटा खाली ठेवला. या घरात वर एक खोली आणि खाली एक, आणि त्यात या पोरीशिवाय दुसरं माणूस नव्हतं. ही गेली की सकाळी उठून कुणावर खेकसायचं, कुणासाठी चहा झाकून ठेवायचा? पण हे बोलायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईलाही येत नव्हतं.

“वा गं वा!” ती म्हणाली. “नाव द्यायला! आणि ते तुला काय देणार? लाली?”

“आभाळातलं विमान किती उंचावर आहे ते मोजायचं यंत्र असतं. त्यावर मुली बसवतात. डोळा चांगला लागतो. माझा आहे.”

“डोळा आहे. बाकीचं काय?”

“बाकीचं काय लागतं?”

“ते चित्र बघ, म्हणजे कळेल काय लागतं. अगं खुळे, त्यांना तोफेजवळ उभी करायला बाहुल्या हव्यात. तुझ्यासारखीला देतील झाडू नाही तर पातेली. दुरून डोंगर साजरे! भांडीच घासायची तर इथे काय मोरी नाही?”

“इथे,” आयव्ही सावकाश म्हणाली, “माग अडला तर मला पाना हातात घ्यायची सोय नाही. मला कळतं कुठे अडलंय ते. तरी माग दुरुस्त करणारा जॉबर येईपर्यंत हात बांधून उभं राहायचं, का, तर बाईच्या जातीनं मागाला पाना लावायचा नाही. आणि तो आला की आधी माझ्या कमरेला हात लावणार, मग मागाला. मला नाही राहायचं इथे.”

“तिथले साहेब काय सोवळे असतात?”

“नसतील. पण वेगळे असतील.”

“जा जा! नाकापेक्षा मोती जड!”

आयव्हीनं ताट उचललं, धुतलं, पुसून ठेवलं आणि वर निघून गेली. हॅना एकटीच बसून गार झालेलं खात राहिली. शुक्रवारी सभेला आपणही जायचं, तिनं ठरवलं. त्या लंडनवाल्यांची अशी काही खरडपट्टी काढायची, की पोरीच्या डोळ्यांवरची झापड उतरलीच पाहिजे. आपली पोर अशी कागदाच्या बाईला देऊन टाकायला ती काही दुधखुळी नव्हती.

शुक्रवारी पाळी सुटली तशा बायका घरी न जाताच हॉलकडे वळल्या. केसांत कापूस, अंगावर शाली, पायात लाकडी तळाचे बूट, त्यांचा रस्ताभर खडखडाट. बाहेर अंधारपटाचा काळोख, पण आत दिवे लखलखीत. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर तीच लाल ओठवाली, या खेपेला भिंतभर. तिच्या नाकपुडीत माणूस मावला असता.

आयव्ही पोरींबरोबर पुढच्या बाकांवर बसली. हॅना आणि सेलिना मागे वरच्या सज्जात, कठड्याला टेकून. तिथून हॅनाला व्यासपीठ समोर आणि पोरीची मान खाली, दोन्ही दिसत होतं.

व्यासपीठावर तीन खुर्च्या. एकीवर नगराध्यक्ष हॉरेस बूथ. धंद्यानं खाटीक, त्याच्या सॉसेजमध्ये लढाईच्या आधीपासूनच पावाचा चुरा जास्त आणि मांस कमी. दुसरीवर पलटणीच्या कमांडरबाई, मिसेस कार्लिंगफर्ड. कडक इस्त्रीचा खाकी कोट, गळ्यात मोती. तिसरीवर लंडनचे मिस्टर लेथब्रिज. असल्या बाया देशभर भिंतींवर चिकटवायचं जे खातं होतं, त्यातले हे मोठे साहेब. हात खरोखरच मऊ होते, हॅनाचा अंदाज चुकला नव्हता. सभा सुरू व्हायच्या आधी ते रुमालानं आपली खुर्ची पुसत होते.

कमांडरबाई आधी बोलल्या. गोड बोलल्या, अगदी सायीसारखं. इथे प्रत्येक मुलीला संधी आहे. रूप नको, घराणं नको, फक्त धैर्य हवं. तोफा, दिवे, यंत्रं, गाड्या, सगळं तुमची वाट बघतंय. “माझ्या मुलींनो,” असंही त्या तीनचार वेळा म्हणाल्या. पुढच्या बाकावर आयव्हीची मान ताठ झाली होती. हॅनाला वरून दिसत होतं, पोरगी एकेक शब्द गिळतेय.

“मेली खोटारडी,” हॅनाचे ओठ म्हणाले. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅना पुढे सरसावून उभी राहणार, एवढ्यात बूथ उठला. बूथ एकदा बोलायला लागला की मांस कापायच्या वेळेलाच थांबतो, हे सगळ्या गावाला माहीत. तो राजाबद्दल बोलला, साम्राज्याबद्दल बोलला, आपल्या गुडघ्याबद्दल बोलला.

आणि त्याच्या पाठीमागे कमांडरबाई आणि लंडनचे साहेब आपसात बोलायला लागले.

त्यांच्याकडची रीत अशी, की चारचौघांत खासगी बोलायचं तर आवाज खाली आणायचा. त्यांनी तो आणला. अगदी सभ्यपणे आणला. बूथलासुद्धा काही ऐकू गेलं नसेल. तोंडावर हात धरायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही, का येईल? समोर तोंडं करून, हसऱ्या चेहऱ्यानं, दिव्यांच्या उजेडात, तीनशे मागवाल्या बायकांपुढे ते निवांत बोलत होते.

“कसल्या बायका आहेत हो या,” मिसेस कार्लिंगफर्डचे ओठ म्हणाले. “दात तरी बघा यांचे.”

“दात काय, भांड्यांना थोडेच लागतात?” मिस्टर लेथब्रिजचे ओठ म्हणाले. “तुम्हाला स्वयंपाकघरासाठीच हव्यात ना?”

“स्वयंपाकघर आणि संडास. तोफांवरच्या मुली मी बऱ्या शाळांतून घेतल्यात. या फक्त सही करून आत येऊ देत. एकदा आल्या की कुठे जाणार?”

“मग चित्रानं काम केलं म्हणायचं.” साहेब मागच्या लाल ओठवालीकडे मान किंचित वळवून हसले. “नाटकात नाचते ती. टोपी अर्धा तास डोक्यावर ठेवली असेल. घाम येतोय म्हणून कुरकुरत होती.”

हॉलमध्ये एक विलक्षण गोष्ट झाली होती, पण व्यासपीठावर ती कुणाच्या ध्यानात येत नव्हती. कुणीही खोकत नव्हतं. तीनशे बायका बूथच्या पोटाच्या अल्याड-पल्याड बघत श्वास धरून वाचत होत्या.

“ती बघा,” कमांडरबाईंचे ओठ पुढे म्हणाले, “पुढच्या बाकावर, टोकाला. ती उंच. केवढ्या आशेनं बघतेय, नाही?”

“ती घोड्याच्या तोंडाची?” साहेब म्हणाले. “तिला तेवढी तोफेपासून लांब ठेवा. आपलीच माणसं पळून जायची.”

दोघं हसले. कमांडरबाईंनी मोती सारखे केले.

हॅनाच्या डोक्यात आधी संतापाचा भडका उठला. माझ्या पोरीला? हा मऊ हातांचा बोका माझ्या पोरीला बोलतो? पण त्या भडक्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी उसळून आलं, आणि ते आनंदासारखं होतं. जिंकलो आपण! एक शब्द न बोलता जिंकलो! आता कुठे जातेय पोरगी? स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय तिनं. तिनं वाकून खाली पाहिलं. आयव्हीची मान केसांच्या मुळापर्यंत लाल झाली होती.

आणि मग सगळा हॉल बोलायला लागला. आवाज न करता. या बाकावरून त्या बाकावर, खालून सज्जात, सज्जातून खाली. “वाचलंस?” “संडास म्हणाली!” “नाचते म्हणे!” “कुणाला म्हणाला तो?” “हॅनाच्या आयव्हीला.” “मेल्याचं तोंड बघा, उकडलेलं डुकराचं.” तीनशे तोंडं उघडत मिटत होती, भुवया उडत होत्या, हात चालत होते, आणि आवाज म्हणाल तर फक्त बूथच्या गुडघ्याच्या कहाणीचा. मिस्टर लेथब्रिज जरा पुढे झुकले. “काय खातायत या सगळ्या?” त्यांचे ओठ म्हणाले, आणि तेही सगळ्यांनी वाचलं. आता मात्र हॉलमध्ये हशा फुटला. बूथला वाटलं आपल्यालाच हसल्या. तो खूश होऊन खाली बसला.

“तर मग, माझ्या मुलींनो,” कमांडरबाई उठून टेबलाकडे हात करत म्हणाल्या, “कोण येतंय पहिली?”

कुणी हललं नाही.

“लाजू नका!”

हॅनाच्या शेजारून सेलिना उठली. कठडा धरून, खणखणीत आवाजात म्हणाली, “बाईसाहेब, एक विचारू? आमच्यात दात नसलेल्या पुष्कळ आहेत. संडासाला चालतील ना? का तिथंपण बऱ्या शाळेतल्या लागतात?”

कमांडरबाईंचं हसू जागच्या जागी गोठलं. “मी... मला समजलं नाही.”

“समजेल, समजेल,” खालून कुणीतरी ओरडलं. “साहेब, तुमची नाचणारीण कशी आहे? घाम वाळला का तिचा?”

साहेबांनी बूथकडे पाहिलं, बूथनं साहेबांकडे. बूथची मघापासून त्यांच्याकडे पाठ, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, आणि साहेबांच्या मनात काय येत असेल ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं: यांना कळलं कसं? शेवटी कमांडरबाईंचा हात आपसूक स्वतःच्या ओठांवर गेला. त्यांना काहीतरी उमजलं असावं. पण आता झाकून उपयोग काय? बायका उठायला लागल्या, शाली सावरायला लागल्या. बुटांचा खडखडाट सुरू झाला. सभेचा पार बोऱ्या वाजला होता.

पुढच्या बाकावरच्या पोरीही उठल्या. एकटी आयव्ही बसून होती. मग ती उठली, वळली आणि वर सज्जाकडे बघायला लागली. आईलाच शोधत होती. तिचे डोळे भरले होते आणि तो लांब जबडा थरथरत होता. लहानपणी पडली की असंच बघायची.

हॅनाला ते दिसलं. पण विजय तिच्या डोक्यात चढला होता, आणि जन्मभराची सवय ओठांत होती. ती कठड्यावरून अर्धी वाकली आणि मोठ्ठं तोंड उघडून, एकेक शब्द नीट घडवत, ओठांनी म्हणाली:

“कळलं ना आता? मी काय सांगत होते? घोड्याचं तोंड घेऊन निघाली होती तोफेवर बसायला! परक्या माणसालासुद्धा पहिल्या झटक्यात दिसलं. चल घरी.”

तिनं ते फक्त पोरीला सांगितलं होतं. पण त्या हॉलमध्ये फक्त पोरीला असं काही सांगता येत नाही, हे तिच्यासारख्या बाईनं विसरावं? जाणाऱ्या बायका थांबल्या. सगळ्यांच्या माना वर सज्जाकडे वळल्या. आत्ता घटकेपूर्वी ज्या नजरेनं त्यांनी त्या मऊ हातांच्या साहेबाकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं त्या आता हॅनाकडे बघत होत्या. काही फरक नव्हता. सेलिना तिच्यापासून एक पाऊल बाजूला सरकली.

आयव्हीचे डोळे वाळले. ती वर बघत राहिली, मग तिचे ओठ हलले. अगदी सावकाश, कुणालाही वाचता येईल असे.

“तो परका आहे, आई.”

एवढंच. आणि ती पाठ फिरवून व्यासपीठाकडे चालायला लागली.

वाट आपोआप मोकळी झाली. ती टेबलापाशी गेली. कमांडरबाई तोंडावर हात धरूनच उभ्या होत्या. आयव्ही मात्र आवाजात बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात.

“आयव्ही टॅटरसॉल. लिहून घ्या. साहेब, तुम्ही मला काय म्हणालात ते मी वाचलंय. आम्ही सगळ्यांनीच वाचलं. इथे कारखान्यात आवाजच एवढा असतो, त्यामुळे आम्हाला ओठ वाचता येतात. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.”

मिस्टर लेथब्रिज लालबुंद झाले. “हे बघा, मिस... तो एक आपला विनोद...”

“असू दे. मला त्याहून वाईट ऐकायची सवय आहे. विमानाची उंची मोजायच्या यंत्राची परीक्षा असते ना? मी ती देणार आहे. नापास झाले तर द्या पातेली. पण परीक्षा घेतल्याशिवाय दिलीत, तर या तीनशे बायका साक्षीला आहेत. तुम्ही कुठेही तोंड उघडलंत तरी त्या वाचतील.”

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. कमांडरबाईंनी तोंडावरचा हात काढून मुकाट्यानं कागद पुढे सरकवला.

वर सज्जात हॅना कठडा घट्ट धरून उभी होती. तिचं सगळं शेरास सव्वाशेर बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. आता एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती आत्ताच सांगायला हवी होती, सहीच्या आधी. तिचे ओठ हलले.

“जाऊ नकोस, बाळा. घरात मी एकटी काय करू?”

तिच्या आयुष्यात तिचे ओठ इतकं खरं कधी बोलले नव्हते. आणि तिच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रत्येक बाईनं ते वाचलं. सेलिनानं वाचलं. खाली दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या विणकरणींनी वाचलं, त्यांतल्या एकीनं शालीनं डोळे टिपले. फक्त आयव्हीची पाठ होती. पाठीला ओठ वाचता येत नाहीत.

“मोठ्यानं बोल की, बये!” सेलिना तिच्या कानात ओरडली. “ती बघत नाहीये! हाक मार! आवाजात सांग!”

हॅनानं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. पण मोठ्यानं मायेचं बोलायची जिभेला कधी सवयच नव्हती; जी होती, तीच बाहेर पडली.

“जा! जा!” तिचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. “घास जा त्या मेल्यांची भांडी! तुझी तेवढीच लायकी आहे!”

टाळ्या थांबल्या. आयव्हीचे खांदे एकदा वर आले आणि खाली गेले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. टेबलावरचं पेन उचललं, कागदावर वाकली आणि सही करून बाजूच्या दारानं बाहेर पडली.